काचेवरचा कॅल्क्युलेटर

डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि सांगितलं, "आता आडवंच राहायचं. बाथरूमपुरतं उठायचं, बाकी काही नाही." माझा चौथा महिना संपत आला होता. आधीचं एक मूल पाचव्या महिन्यात गेलं होतं, त्यामुळे मी फार प्रश्न विचारले नाहीत. खराडीच्या ऑफिसला मेल केली, माझं काम टीममधल्या एका नव्या मुलीच्या गळ्यात घातलं आणि बिबवेवाडीतल्या आमच्या घरी मागच्या खोलीत पडून राहिले. तिसरा मजला, जुनी इमारत, लिफ्ट नाही. पलंगाची पायाकडची बाजू नवऱ्याने विटा लावून उंच केली होती. त्यामुळे डोक्याकडे सतत उतार लागायचा आणि आपण हळूहळू भिंतीत घसरत चाललोय असं वाटायचं.

खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची. सकाळी कचऱ्याची गाडी, मग भाजीवाल्याची हाक, मग वरच्या मजल्यावरचा मिक्सर. या आवाजांचा क्रम कधीही चुकला नाही. तो चुकावा असं मला फार वाटायचं.

सासूबाई माझं सगळं मनापासून करत होत्या. नारळपाणी, मुगाची खिचडी, पायाला तेल. त्यामुळे कुठे तक्रार करायलाही जागा नव्हती. लॅपटॉप मात्र त्यांनी पहिल्याच आठवड्यात उचलून नेला. त्याची गरम हवा पोटाला लागते म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, मी तो बाजूला ठेवून वापरीन." त्या म्हणाल्या, "बाळ झाल्यावर वापर हवा तेवढा." त्यात रागाचा लवलेश नव्हता. त्या लॅपटॉपची वायरसुद्धा नीट गुंडाळून घेऊन गेल्या. फोन तेवढा राहिला, कारण माझ्या आईशी रोज बोलायचं असायचं.

सासरे, म्हणजे बाबा, माझ्या खोलीत कधी येत नसत. एका यंत्रांच्या कारखान्यात ते आयुष्यभर गिअरची डिझाइनं करत होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, हात थरथरत आणि आवाज इतका खाली गेला होता की पंखा बंद केल्याशिवाय ऐकू येत नसे. सकाळी दाराशी थांबायचे, "बरं आहे ना?" म्हणायचे, थोडा वेळ तसेच उभे राहायचे आणि मग जायचे. मला वाटायचं, जुन्या वळणाचा माणूस आहे, सुनेच्या खोलीत कसा येईल.

खंडेनवमीला हॉलमध्ये पूजा मांडली होती. दार उघडं होतं म्हणून मला पाट दिसत होता. त्यावर सासूबाईंची शिवणाची कात्री, नवऱ्याच्या गाडीची किल्ली, माझा लॅपटॉप आणि या सगळ्यांच्या मधोमध झेंडूचं फूल ठेवलेला एक जुना, जाडजूड कॅल्क्युलेटर.

"बाबा, हा चालतो अजून?" मी पलंगावरूनच ओरडून विचारलं.

ते दाराशी आले. "मेलाय केव्हाच. पूजेपुरता ठेवलाय, तसं माझंही तेच आहे म्हणा."

मी त्याचं मॉडेल विचारून घेतलं आणि दुपारी फोनवर शोधलं. कुणीतरी त्याची हुबेहूब नक्कल असलेलं ॲप केलं होतं. तपकिरी अंग, तिरप्या कडांची बटणं, बटणांच्या वर पिवळी आणि खाली निळी अक्षरं, वर लाल पेटणारे आकडे. चहाच्या वेळी बाबा दाराशी आले तेव्हा मी हात लांब करून फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. मग गेले आणि डायनिंगची खुर्ची खरखर ओढत आणून बरोबर उंबऱ्याबाहेर मांडली.

खुर्चीत बसून त्यांनी फोन हातात घेतला. अंगठा थरथरला आणि एका सातच्या जागी चार सात उमटले. पुसायला गेले तर भलतंच काहीतरी दाबलं गेलं. दोन-तीनदा प्रयत्न करून त्यांनी फोन मांडीवर ठेवला.

"याला बटणंच नाहीत."

"आहेत की बाबा, ही बघा."

"दिसतायत. बोटाला लागत नाहीत." त्यांनी फोन मला परत दिला. "पूर्वी मी न बघता दाबायचो. तू दाब. मी सांगतो."

असं सुरू झालं. या कॅल्क्युलेटरवर बरोबरचं चिन्ह नव्हतं. दोन अधिक तीन करायचे तर आधी दोन, मग एंटर, मग तीन आणि सगळ्यात शेवटी अधिक. मी इंजिनिअर असूनही दोन दिवस अडखळत होते.

"कसली उलटी पद्धत आहे ही!" मी वैतागून म्हटलं.

"उलटी नाही. आपण बोलतो तशीच आहे. 'दोनात तीन मिळव.' मिळव कुठे येतं? शेवटी. इंग्रजांना उलटं वाटलं तर ठीक आहे, तुला काय झालं?"

मला त्या पडून राहण्याच्या काळात पहिल्यांदा मोठ्याने हसू आलं आणि लगेच पोटावर हात गेला. हसायचीसुद्धा भीती वाटायची तेव्हा.

मग त्यांनी मला चंद्रावर उतरायचा खेळ शिकवला. यानाची उंची, वेग आणि उरलेलं इंधन एवढंच. दर वेळी किती इंधन जाळायचं ते आपण सांगायचं, आकडा बदलायचा, आणि हळू उतरलात तर वाचलात. चित्र नाही, आवाज नाही, नुसते लाल आकडे. त्यांच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सगळे हा खेळायचे. पण त्यासाठी आधी कॅल्क्युलेटरमध्ये एकामागून एक बटणं दाबून सगळा प्रोग्राम घालावा लागे, आणि यंत्र बंद केलं की ते सगळं विसरून जाई. त्यामुळे बाबांनी तो प्रोग्राम वर्षानुवर्षं रोज घातला होता. तोंडाने सांगायला गेले की त्यांना आठवत नसे. ते उजवा हात गुडघ्यावर ठेवायचे, बोटं तिथे हलवायचे आणि बोटांकडे बघत मला सांगायचे, "रिकॉल टू. मायनस. स्टोअर थ्री."

पहिल्या दिवशी यान आदळलं. दुसऱ्या दिवशी मी ॲप उघडलं आणि म्हटलं, "बाबा, प्रोग्राम आहे अजून. फोनमध्ये तो तसाच राहतो."

त्यांचा चेहरा पडला. "राहतो?"

"हो."

"मग पुसून टाक. परत घालू."

मी पुसला. रोज पुसत गेले. आम्हाला दोघांनाही कुठे जायचं होतं?

सासूबाईंना हे पटत नव्हतं. "अहो, ती विश्रांतीला पडलीय, तुमच्या ऑफिसात कामाला नाही," असं त्या स्वयंपाकघरातून म्हणायच्या.

"म्हणूनच तिला रजा देता येत नाही," बाबा म्हणायचे, पण इतक्या हळू की ते फक्त मलाच ऐकू यायचं.

दिवाळी गेली. थंडी पडली. माझं पोट वाढलं तसा एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर जाण्याचाही कंटाळा येऊ लागला. एक दिवस खुर्चीत बाबांना वारा लागत होता म्हणून मी म्हटलं, "आत येऊन बसा ना. सून झाले म्हणून काय झालं?"

"सुनेचा प्रश्न नाही," ते म्हणाले. "दाराचा आहे."

मला कळलं नाही. त्यांनी मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग सांगितलं. मोकळ्या जागेत ते चालत. पण दार आलं की पाय जमिनीला चिकटत. डोकं पुढे जा म्हणे आणि पाय ऐकत नसत. घरातल्या बाकी दारांतून ते चौकट धरून, चष्मा शोधायचं सोंग करून, कसेबसे निघत. जिना तर पावसाळ्यापासून उतरलेच नव्हते. "गुडघे दुखतात असं सांगितलंय हिला," ते म्हणाले. "तू बोलू नकोस."

म्हणजे रोज सकाळी "बरं आहे ना?" विचारून ते दारात उभे राहत ते संकोचाने नव्हे, तर त्यांना तिथून हलता येत नसे म्हणून. मी त्यांच्या पायांकडे पाहत राहिले. माझी सुटका कधी होणार ते तरी ठरलेलं होतं. त्यांचं तसं काही नव्हतं.

संक्रांतीनंतर हळदीकुंकवांचे दिवस आले. सासूबाई बरेच महिने घराबाहेर पडल्या नव्हत्या. मीच आग्रह केला आणि त्या शनिवार पेठेत बहिणीकडे गेल्या. नवरा ऑफिसात. संध्याकाळ व्हायची होती. आमचा प्रोग्राम अर्ध्यावर आला होता आणि मला एकदम अंगाखाली ओलं लागलं. आधी वाटलं, तांब्या सांडला. मग गादीभर पसरलं तेव्हा समजलं, पाणमोट फुटली होती. दिवस भरायला अजून वेळ होता.

मी हॉस्पिटलला फोन लावला. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "अजिबात उठू नका, कंबरेखाली उशी घ्या. ॲम्ब्युलन्स पाठवतो. खाली आणायला माणसं आहेत ना?" मी नवऱ्याला फोन केला, तो निघाला, पण त्याचंही ऑफिस खराडीलाच, आणि तिथून त्या वेळी निघालेला माणूस कधी पोचतो ते पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. सासूबाईंचा फोन वाजत राहिला. हळदीकुंकवाच्या गोंगाटात त्यांच्या पर्समध्ये असणार. समोरच्या दारात एक भाभी राहायच्या, ईदचा शीरखुर्मा त्यांच्याकडूनच यायचा, घरात दोन तरुण दीर होते. पण त्यांचा नंबर सासूबाईंच्या फोनमध्ये. मी हाका मारल्या. मधे दोन बंद दारं होती आणि त्यांचा टीव्ही चालू होता.

बाबा उठून उभे राहिले होते. "मी जातो," ते म्हणाले.

हॉलमधून पावलं घासत गेल्याचं मला ऐकू आलं. मग कडीशी झटापट. कडी पडली, दार करकरलं. आणि मग काहीच नाही.

"बाबा?"

मी पुन्हा ओरडले.

"पाय," त्यांचा आवाज आला. "पाय निघत नाहीये."

दोन पावलांवर समोरची बेल होती. मला उठता येत नव्हतं आणि त्यांना हलता येत नव्हतं. मला आधीचं मूल आठवलं, तो ऑपरेशन थिएटरबाहेरचा पांढरा पॅसेज आठवला. काय बोलावं ते सुचेना. तोंडात होतं तेच बाहेर आलं. "रिकॉल टू," मी ओरडले. "बाबा, रिकॉल टू! मायनस! स्टोअर थ्री!"

मी पुढची बटणं ओरडत राहिले, मधे श्वास तेवढा घेत. चौथ्या की पाचव्या बटणाला पावलाचा आवाज आला. मग आणखी एक. मग समोरची बेल वाजली, आणि वाजतच राहिली, कारण त्यांचं थरथरतं बोट तिच्यावरून निघत नव्हतं.

"अरे बापरे, काका, तुम्ही!" भाभींचा आवाज आला, आणि मी उशीत तोंड खुपसून रडले.

ॲम्ब्युलन्सचं स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर वळेना. भाभींच्या दिरांनी मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली नेलं. इतक्या महिन्यांनी मी आकाश पाहिलं ते असं, मागे रेलून, दोन परक्या पोरांच्या खांद्यांमधून. मुलगी त्याच रात्री झाली. एवढीशी होती, काही आठवडे काचेच्या पेटीत ठेवावी लागली, पण जगली. आता ती घरभर धावते आणि सगळ्यांना हुकूम सोडते.

बाबांचं गुपित अर्थात फुटलं. मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा कंपवात आहे, त्यात असं होतं, आणि ताल किंवा मोजणी कानावर पडली की काहींचे पाय सुटतात. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर सासूबाईंनी आधी बाबांना खुर्चीत बसवलं. मग म्हणाल्या, "मला सांगायला काय झालं होतं?"

"तू घरातली सगळी दारं काढून टाकली असतीस," बाबा म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि त्या औषधांच्या चिठ्ठ्या लावायला बसल्या.

त्यानंतर काही महिने आम्ही सगळेच दाराशी बटणं म्हणायचो. नवरा म्हणायचा, भाभी म्हणायच्या, सासूबाईंनी तर रिकॉलचं 'रिकाल' करून पाठ केलं होतं. मग हळूहळू त्याचा उपयोग होईना. मी म्हणत असे, आणि बाबा माझ्याकडे बघत उभे राहत. आता ते फार कमी बोलतात, आणि जे बोलतात ते नीट कळत नाही. मी परत खराडीला जाऊ लागले आहे. संध्याकाळी घरी येते तेव्हा ते खिडकीशी बसलेले असतात.

लिफ्ट असलेल्या घरात जायचं असं आम्ही कधीपासून म्हणतोय. सासूबाईंना शेजार सोडवत नाही, आम्हाला परवडेल असं काही जवळ मिळत नाही, आणि विषय तसाच राहतो. गेल्या रविवारी नवऱ्याने आणि भाभींच्या मोठ्या दिराने दोन्हीकडून धरून बाबांना एकेक पायरी खाली उतरवलं. जवळच्या अमृततुल्यच्या बाकावर आम्ही बसलो. मी त्यांच्या ओठांना कप लावला. रस्त्यावरून पीएमटीची बस गेली, कुणीतरी कुणाला तरी शिव्या घातल्या, कोपऱ्यावर केळीवाला भाव सांगत होता. बाबा सगळीकडे मान वळवून वळवून बघत होते. चहा संपला. ऊन चढू लागलं तसं नवऱ्याने त्यांच्या काखेत हात घातला.

"चला बाबा, वर जाऊ."

त्यांनी बाकाची कड पकडली. ओठ हलले. आम्ही तिघेही वाकून ऐकू लागलो.

"थोडं थांबू," ते म्हणाले.

नवऱ्याने हात काढून घेतला आणि आणखी चार चहा सांगितले.