समुद्रफूल वहिनींच्या बाजूला गेलं

कवळीवाल्यांच्या खिडकीतून जांभळा उजेड बाहेर पडायला लागला, तेव्हा गल्लीला चघळायला बरंच काही मिळालं. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याने घरात चोरून बार काढला. कुणी म्हणालं, या वयात लग्न ठरलंय, त्याचीच रोषणाई. समोरच्या इस्त्रीवाल्याने तर नवरीसुद्धा पक्की करून टाकली होती. खरं काय ते कळलं आणि सगळ्यांचा विरस झाला. काचेची एक पेटी, तीत खारं पाणी, मधोमध खडक, दोन नारिंगी मासे आणि एक समुद्रफूल. बस.

फूल आपलं नावाला. जात प्राण्याची. एका पायाने खडकाला चिकटून बसायचं आणि टोकाला फुगलेली बोटं पाण्यात हलवत राहायची. घास मिळाला की बोटं मिटतात आणि तो मधल्या तोंडाशी नेतात. कवळीवाले या तोंडावरच भाळले असणार. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या खाण्याचीच सोय केली होती.

दातांच्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत, खिडकीशी बसून ते कवळ्या करत. प्लास्टरचा साचा, त्यावर मेण, मेणात एकेक दात. गल्लीतलं निम्मं हसू त्यांच्या हातचं. स्वतः मात्र हसायला कर लागतो अशा चेहऱ्याने वावरायचे. लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायचे, माप बसलं नाही. पुढे डॉक्टरांनी यंत्र आणलं आणि कवळीवाले घरी बसले.

घर म्हणजे अर्धं घर. थोरल्या भावाला घर विकायचं होतं, यांना नव्हतं. बोलाचाली झाली, अबोला झाला आणि घराचे दोन भाग करायचं ठरलं. मधलं दार बुजवताना विटा कमरेपर्यंत आल्या आणि वरच्या विटा कुणी आणायच्या यावरून पुन्हा वाजलं. काम तिथेच थांबलं. यांनी अलीकडून कपाट लावलं, वहिनींनी पलीकडून जाड काळा पडदा सोडला. भाऊ गेला तेव्हा हे अंत्ययात्रेत सगळ्यांच्या मागे मान खाली घालून चालले. तरी अबोला सुटला नाही. गंमत अशी की वहिनींची कवळी यांच्याच हातची. म्हणजे बाई दिराशी बोलत नव्हत्या. पण साऱ्या जगाशी बोलत होत्या त्या दिराच्याच दातांनी.

कपाटाला वाळवी लागली, तेव्हा ते काढून त्या कमरेएवढ्या विटांवर पेटी बसवली. एक काच यांच्याकडे, दुसरी पडद्याकडे. वर दिवा टांगायला मोकळी जागा ठेवली होती. तिच्यातून पलीकडची कपबशी ऐकू यायची, रेडिओ, खोकला. संध्याकाळी कवळीवाले खुर्ची ओढून पेटीसमोर बसत. आपण मासे बघतोय अशी त्यांची स्वतःची समजूत होती.

मासेवाला फटकळ माणूस. त्याने आधीच तंबी दिली होती की पाणी चांगलं मुरल्याशिवाय फूल मिळणार नाही. कवळीवाल्यांनी कित्येक महिने नुसतं पाणी आणि खडक सांभाळला. पाणी उडून कमी झालं की गाळलेलं गोडं पाणीच घालायचं, कारण मीठ काही उडून जात नाही, ते मागे राहून पाणी खारट होत जातं. पंपाच्या तोंडाला स्पंज लावायचा, नाहीतर जागा बदलायला निघालेलं फूल आत ओढलं जाऊन त्याचा चुरा होतो. हे सगळं त्यांनी कवळीच्या मापासारखं काटेकोर पाळलं. फक्त आठवड्यातून एकदाच खायला घाला, हे काही जमलं नाही. कोळंबीचा तुकडा पुढे केला की फुलाची बोटं त्यांच्या बोटाला चिकटायची, सोडवून घ्यावी लागायची. त्यांचं बोट धरणारं दुसरं कुणी नव्हतं. ते रोज घालायचे.

मग अवदसा आठवली. डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं, फूल नीट दिसावं म्हणून त्यांनी जबरदस्त दिवा आणला आणि पहिल्याच दिवशी पूर्ण सोडला. दोन-तीन दिवसांत फूल जागेवरून नाहीसं. शोधून शोधून सापडलं ते खडकाच्या मागे, पडद्याकडच्या काचेला. इकडून पायाची नुसती कड दिसत होती.

मासेवाल्याने ऐकून कपाळावर हात मारला. म्हणाला, "सावलीतल्याला एकदम उन्हात बसवलंत, काका. पळणार नाही तर काय करेल?"

दिवा कमी करा, मग हळूहळू वाढवा. ओढू नका, पाय फाटतो. खडकही हलवू नका. आणि रोज बघा, रंग पांढरा पडतोय का, तोंड मिटलंय की लोंबतंय. मेलं आणि सडलं तर सगळं पाणी नासवेल, मासेही हातचे जातील.

बघायचं कसं? कवळीवाल्यांनी दात तपासायचा आरसा काढला आणि लांब दांडीला बांधून खडकामागे सोडला. मागे काळा पडदा. आरशात त्यांना स्वतःची भुवई दिसली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि शेजारचं दार वाजवलं. इस्त्रीवाल्याच्या हातातली इस्त्री तिथल्या तिथे थांबली.

वहिनींनी दार अर्धवट उघडलं.

"वहिनी, माझं फूल तुमच्या बाजूला आलंय."

"मग? न्यायला आलात?"

"नेता येत नाही. नुसतं बघायचंय. म्हणजे, तुम्ही बघायचं."

वहिनींनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दार लावून घेतलं. कवळीवाले तोंड पाडून घरी आले. इतक्यात पडद्याच्या कड्या वाजल्या. पाण्यातून पलीकडचा पिवळा उजेड झिरपला आणि वरच्या फटीतून आवाज आला.

"पांढुरकं पडलंय."

"तोंड?"

"कुणाचं?"

"फुलाचं, वहिनी."

"उघडं आहे. वेडंवाकडं."

पडदा पुन्हा पडला. त्या रात्री कवळीवाल्यांना घास गेला नाही.

पण दुसऱ्या संध्याकाळी कड्या पुन्हा वाजल्या. तिसऱ्याही. एकच वाक्य यायचं. तसंच आहे. तसंच आहे. एकदा, तोंड मिटलंय. मग बोटं फुगलीत. मग एकदा, रंग चहासारखा झालाय, तुमचे मासे त्यात लोळतायत. त्या एका वाक्यासाठी कवळीवाले दुपारपासूनच खुर्चीत येऊन बसू लागले. खाणं आता बेताचं. चिमट्याने, अंदाजाने खडकामागे सोडायचे. पोचलं का ते पलीकडून कळायचं.

मासेवाला खूश झाला. म्हणाला, आता जगलं. दिवा इकडच्या बाजूला ठेवून रोज थोडा थोडा वाढवा, उजेडाच्या ओढीने आपलं आपण चालत येईल तुमच्यासमोर.

कवळीवाले घरी आले. दिव्याच्या दांडीला हात घातला आणि तसेच उभे राहिले. फूल इकडे आलं, तर पडदा सरकवून वहिनी बघणार काय?

त्यांनी दिवा पलीकडे ढकलला. एकदम नाही, रोज बोटभर. पलीकडे उजेड वाढत गेला, इकडे खडकाची सावली. हळूहळू मासे दिसेनासे झाले, मग खडक, मग खुर्चीत बसल्यावर स्वतःचे गुडघेही.

एका संध्याकाळी कड्या वाजल्या, पण नेहमीचं वाक्य आलं नाही.

"भाऊजी, दिवा सगळा इकडे सरकलाय. ओढून घ्या. तुम्हाला तिथे काही दिसत नसेल."

"दिसतंय की," काळोखात खुर्ची काचेजवळ घेत ते म्हणाले. "तुम्ही सांगा, आज कसं आहे?"