उपडी ठेवलेली मण्यार

चित्र चिकटवायचं तर ते आधी उपडं ठेवावं लागतं. पाठीवर खळ लावायची, उचलायचं, पानावरच्या मोकळ्या चौकटीत बसवायचं आणि जुन्या साडीच्या बोळ्यानं दाबायचं. पहिल्या वीस-पंचवीस वेळा चिकटवणारी चित्राकडं बघते. मग बघत नाही. हात आपले चालत राहतात आणि तोंडानं बायांच्या गप्पा. मी लातूरच्या एका छापखान्यात बाइंडिंगला बसते. हे आधीच सांगितलं, म्हणजे पुढं जे झालं ते मुद्दाम झालं असं कुणाला वाटायला नको.

पुस्तक एका निवृत्त गुरुजींचं होतं. आपल्याकडचे साप, बेडूक, सरडे, पाली, घोरपड. चित्रं त्यांनी स्वतः काढलेली. बेडकाच्या पाठीवरचा एकेक फोड वेगळा, घोरपडीच्या नखाखाली मातीसुद्धा. सगळं पुस्तक रंगीत छापणं त्यांना झेपणारं नव्हतं, म्हणून मजकूर काळ्या शाईत आणि चित्रं वेगळ्या गुळगुळीत कागदावर. ती कापून आम्ही चौकटीत चिकटवायची. मधल्या दोन पानांवर, समोरासमोर, मण्यार आणि कवड्या. डावीकडं ‘मण्यार, अतिविषारी’. उजवीकडं ‘कवड्या, बिनविषारी’. हे दोघं दिसायला सारखे, लोक फसतात, म्हणून गुरुजींनी त्यांना मुद्दाम शेजारी ठेवलं होतं.

मण्यारीचा गठ्ठा हातात आल्याबरोबर मी तो उपडा टाकला. खळ लावायला अजून वेळ होता तरी टाकला. शेजारची हसली. “कागदाची हाय गं ती, चावत न्हाई.”

तिला काय सांगणार? माझं माहेर हदगाव तालुक्यातलं. तेव्हा शाळा शेजारच्या गावात होती, मी आणि माझी चुलतबहीण दोघी चालत जायचो. एका श्रावणात आम्ही दोघी खाली एकाच वाकळेवर झोपलो होतो. सकाळी ती म्हणाली, पोटात दुखतंय. काकू म्हणाली, “शाळेचा कंटाळा, दुसरं काय.” मग ती म्हणाली, पापण्या उचलत नाहीत. अंगावर खूण कुठंच नव्हती. हदगावच्या वाटेवरच ती गेली. दुपारी वाकळ झटकली तेव्हा मण्यार खाली पडली. म्हणजे ती आम्हा दोघींच्या मध्ये होती. एकटीला शाळेत कोण धाडणार? सहावीत माझी शाळा थांबली.

बाबांनी त्या मारलेल्या मण्यारीला काठीवर धरून मला दाखवलं होतं. “नीट बघून ठेव. शेपटीकडं पट्टे दाट, डोक्याकडं विरत जातात. कवड्याचं उलटं, त्याचे मानेपासूनच सुरू होतात. तो गरीब. ही न्हाई.”

छापखान्यात मला ओळखता येणारी एवढी एकच गोष्ट होती, जी तिथं दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. आणि तीच मी उपडी ठेवली.

त्या दिवशी पत्र्यातून ठिबकायला लागलं. आम्ही टेबल ओढलं, गठ्ठे उचलले, कोरड्या जागी परत मांडले. पाठीमागून सगळीच चित्रं पांढरी.

दुसऱ्या दिवशी भाऊ मला पंचमीला न्यायला आला. काम अडलेलं होतं, मला जाता येईना. मालक म्हणाले, “जायचं असेल तर जा.” पण मी गेले नाही. मी इथं झाडू मारायला लागले होते. झाडता झाडता खाली पडलेलं पान वाचताना त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाले, “वाचता येतंय तर घड्या घालायला बस.” माझं घर त्या वाक्यावर उभं आहे. ज्यानं बसवलं त्याला उठवताही येतं, ही धास्ती कधी जात नाही. म्हणून मी मालकांना एकच मागितलं, या पुस्तकाच्या तीस प्रती माझ्या गावच्या शाळेला. आता गावातच शाळा आहे, माझी भाची तिथं दुसरीत आहे. मालकांनी गुरुजींना विचारलं, गुरुजी खूश झाले. मी गठ्ठा बांधून भावाच्या हातात दिला. “मी न्हाई आले तरी हे ने.” इतका अभिमान मला स्वतःच्या लग्नातही वाटला नव्हता.

पंचमीच्या दिवशी छापखाना उघडा होता, पण कटिंगवाल्या काकांनी मशीनवर फडकं टाकून ठेवलं होतं. या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही. पातं बंद म्हणून आमचंही काम बंद. रिकामं बसवेना, मी चिकटवलेली एक प्रत उघडली. मधलं पान आलं. उजवीकडं, ‘बिनविषारी’ या अक्षरांच्या वर, शेपटीकडं दाट पट्टे.

मी दुसरी प्रत उघडली. तिसरी. मग उघडायचं थांबवलं.

भावाला फोन लावला. तो आनंदात होता. “पुस्तकं परवाच पोचवली. बाईंनी पोरांकडून शाळेच्या भितीवर सगळे साप काढून घेतलेत, लई झ्याक! दाराचा ऑइलपेंट उरला होता, तो मीच दिला. सकाळी बाया पुजायला आल्या तर म्हणाल्या, वारुळापर्यंत कशाला जायचं, नाग हितंच हाय. फोटू टाकतो बघ.”

फोटो आला. ओळीनं नाग, धामण, घोणस. त्यांच्यात हातभर लांब मण्यार, अंगावर हळदीकुंकू, खाली लाह्या आणि दुधाची वाटी. त्याच्याही खाली लाल अक्षरांत ‘कवड्या, बिनविषारी’.

“दादा, ते चुकलंय. ती मण्यार हाय.”

“हाव हाव, सांगतो बाईला.”

त्याच्या त्या ‘हाव हाव’वर माझा विश्वास बसला नाही.

मालकांसमोर उभी राहिले. पुस्तक उघडून नुसतं पुढं केलं. त्यांना आधी कळलंच नाही, मी पट्टे दाखवले.

“चिकटवताना वाचलं नाहीस?”

“वाचलं होतं. चित्र उपडं होतं.”

“मला वाटलं होतं, तुझ्या टेबलावरचं बघावं लागत नाही,” ते म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, “पुस्तक माझ्या छापखान्यातून गेलंय. इथल्या प्रती बाकीच्या बाया बघतील, तू नवी चित्रं घे आणि पहिल्या गाडीनं जा. चिकटवून झालं की परत ये.” परत ये, हे शब्द मी नीट ऐकून घेतले.

जास्तीची चित्रं होती, पण न कापलेल्या मोठ्या कागदांवर. काकांनी फडक्यावर हात ठेवला. “आज पातं खाली येणार न्हाई. त्यात सापाचीच चित्रं. तुला काही कळतंय का, बाई?”

“फाडलं तर?”

काकांनी फडक्यावरचा हात काढला. “फाडायला पातं कुठं लागतंय,” असं म्हणून त्यांनी स्वतःच लोखंडी पट्टी आणून दाबून धरली. मी एकेक चित्र पट्टीच्या कडेनं फाडत गेले. साठ चित्रं, सगळ्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या.

लातूरहून नांदेड, नांदेडहून हदगाव, तिथून जीप. दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघ्याच्या वर, आत काय आहे दिसू नये इतकं दाट. प्रत्येक फोनच्या आवाजाला वाटायचं, आता भाऊच असणार.

शाळेतल्या बाई पोरसवदा होत्या. त्यांनी तीसही प्रती शाळेतच ठेवल्या होत्या, देवच पावला. आम्ही दोघींनी बसून नवी चित्रं जुन्यांवर चिकटवली. या वेळी मी प्रत्येक चित्र आधी सरळ धरून बघितलं. मग आम्ही भिंतीकडं गेलो. मी रॉकेलमध्ये बुडवलेलं फडकं घेतलं आणि मागून आवाज आला.

“पंचमीचा नाग पुसतीस व्हय गं?” शेजारची म्हातारी होती, माझ्या लहानपणापासून मला ओळखणारी. “हळद लागलीय त्याला. लातूरला जाऊन लई शहाणी झालीस.”

“आजी, ही मण्यार हाय.”

“असंल. पुजलेली हाय न्हवं?”

चार बाया जमल्या. बाईंचा चेहरा उतरला. नोकरी नवी, गाव परकं. शेवटी त्यांनीच वाट काढली. चित्राला हात लावायचा नाही, नुसती नावं बदलायची. जुन्या अक्षरांवर चुना फासला आणि वाळल्यावर शाळेतल्या रंगानं बाईंनी नवी अक्षरं काढली. ऑइलपेंट संपला होता.

भाची माझा पदर धरून उभी होती. तिनं मण्यारीच्या पाठीवरून हात फिरवला. “आत्या, हा गरीब हाय. काही करत न्हाई.”

“कुणी सांगितलं?”

“पुस्तकानं.”

मी तिचा हात धरून पट्टे दाखवले. शेपटीकडं दाट, डोक्याकडं विरत. माझ्या चुलतबहिणीचं सांगितलं. ती म्हणाली, “मग पुस्तक खोटं बोललं?”

“न्हाई. मी उलटं चिकटवलं.”

तिला ते पटलं की नाही, माहीत नाही. बाकीच्या पोरांना तर मी भेटलेही नाही.

परत आले. मालकांनी माझी जागा तशीच ठेवली होती, टेबलावर खळीचं भांडंसुद्धा भरून. वर्ष गेलं, कुणाला काही झालं नाही. दर महिन्याला मी भावाला काहीतरी निमित्त काढून फोन करते आणि पोरांची चौकशी करते. तो म्हणतो, “तुला लई काळजी!”

परवा भाचीनंच फोन केला. “आत्या, भितीवर दोन दोन नावं दिसायलीत.”

“दोन कशी?”

“चुना निम्मा गेला ना पावसानं. खालचं लाल वर आलं. आधीच्या बाई बदलून गेल्या. नव्या सरांनी काल आमच्याकडून वाचून घेतलं.”

“काय वाचलं?”

“कवड्या, बिनविषारी. मी म्हणलं, न्हाई सर. तर सर म्हणले, भितीवर लिहिलंय ते वाच.”

फोन ठेवला आणि मालकांकडं गेले. रजा मागितली.

“पंचमीला अजून आठ दिवस आहेत,” ते म्हणाले.

“म्हणूनच. आता हळद धुऊन गेलीय. एकदा पुजलं की कुणी हात लावू देणार नाही.”

त्यांनी ‘जा’ म्हणून मान हलवली. घरी येताना मी दुकानातून ऑइलपेंटचा डबा घेतला, काळा. उद्या पहिली गाडी आहे.