मास्तरचा जबडा

मास्तर म्हणजे मासा. नदीच्या वळणावरच्या डोहात राहणारा, चांगला हातभर लांब, ओठांवर लोंबत्या मिशा. त्या मिशांवरूनच हे नाव पडलेलं. गळ टाकणाऱ्यांच्या क्लबच्या भिंतीवर त्याचे अकरा फोटो होते. मासा एकच, त्याला छातीशी धरून हसणारी माणसं अकरा. पुलापासून बंधाऱ्यापर्यंतची नदी क्लबच्या ताब्यात, आणि तेवढ्या पट्ट्यात धरलेला प्रत्येक मासा परत पाण्यात सोडायचा, हा नियम. त्याप्रमाणे मास्तरला अकरा वेळा सोडलं. बाराव्या वेळी तो कवळीबाईंच्या गळाला लागला, आणि बाईंनी त्याच्या डोक्यात दगड घातला.

बरं, लपवावं ना! तेही नाही. पुलावर भेटेल त्याला स्वतःच सांगत सुटल्या, "सकाळी मारला, दुपारी खाल्ला."

गुरुवारी धाकटा भाऊ त्यांच्या खोलीवर आला. दातांच्या दवाखान्याच्या मागची ती खोली. डॉक्टरांनी तोंडाचे ठसे घ्यायचे आणि बाईंनी त्यावरून कवळ्या करायच्या, हे एकतीस वर्षं चाललेलं. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, टेबलावर मेण वितळत ठेवलेलं, आणि बाईंच्या केसांपासून चपलांपर्यंत पांढरी भुकटी. भाऊ त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान आणि क्लबचा अध्यक्ष. त्याच्या गळाला पहिलं गांडूळ बाईंनीच लावून दिलं होतं.

"ताई, शनिवारी बैठक आहे. एक ओळ लिहून दे, चूक झाली म्हणून. विषय मिटला."

"आणि झाली नसेल तर?"

"तरी लिही. जग लिहितं!"

बाई गुलाबी कवळीवर कानस मारत राहिल्या. "पाय पूस आधी. आणि बस."

"मास्तर होता तो, ताई. सगळ्यांचा जीव होता त्याच्यावर."

"होता ना. म्हणून तर येता-जाता त्याच्या तोंडात लोखंड घालत होतात."

"होतात? तू नाही घातलंस? सातवा फोटो कुणाचा आहे?"

कानस थांबली. फोटो बाईंचाच होता. चार वर्षांपूर्वीचा, ऊन डोळ्यांवर आलेलं, आणि मास्तरला धरून त्या अशा हसत होत्या जणू लेकराचं बारसं आहे.

"माझा," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी त्याचं तोंड बघितलं नाही. कॅमेऱ्याकडे बघत होते. या खेपेला बघितलं."

"मासा आहे तो! पेशंट आहे का तुझा?"

"डोकं एवढं मोठं आणि अंग पिळून वाळत घातल्यासारखं. जबडा एका बाजूला मोडून वाकडाच जुळलेला, तोंड मिटेना. अरे, कवळी बसत नसली की माणसं भरल्या ताटापुढे कशी झुरतात, ते मी रोज बघते. त्याला पाण्यात सोडून मी घरी येऊन जेवले असते, होय?"

भावानं फळीवरचा एक जबडा उचलला, परत ठेवला. मग बोलला ते मात्र मुद्द्याचं बोलला. "नियम नव्हता तेव्हा काय होतं, आठव. लोक पाण्यात सुरुंगाचे बार उडवायचे, पोती भरभरून न्यायचे. आपण दोघं दिवसभर गळ टाकून बसायचो आणि घरी जाताना डबा रिकामा. नियमानं मासे परत आलेत, ताई. आज तुला सोडलं तर उद्या जो तो म्हणेल, माझाही आजारी होता."

हे बाईंना झोंबलं, कारण खरं होतं. त्यांनी कवळी उजेडात धरली, फिरवली, खाली ठेवली.

"बरोबर आहे तुझं."

"मग लिहितेस?"

"नाही."

"क्लबचं कार्ड जाईल. कार्ड गेलं की नदी गेली. रविवारी करशील काय तू?"

बाईंनी कानस पुन्हा उचलली. नवरा गेल्यापासून त्यांच्या आठवड्याला रविवार होता तो त्या काठावरच. बाकीचे सहा दिवस दुसऱ्यांच्या तोंडांचे.

"निघ आता," त्या म्हणाल्या. "मेण गार होतंय."

शनिवारी क्लबची खोली भरली होती. बाईंनी पिशवीतून एक पुडकं काढलं आणि डॉक्टरांच्या पुढ्यात सोडलं. उकळून स्वच्छ केलेला मास्तरचा जबडा, प्लास्टरमध्ये नीट बसवलेला.

"डॉक्टर, नववा फोटो तुमचा आहे. ते विसरा आणि तपासा."

डॉक्टरांनी चष्मा वर केला, हाडावरून बोट फिरवलं. "डावीकडे मोडलाय. दोनदा बहुतेक. जुळलाय, पण तिरका."

"याला खाता येईल?"

"अवघड आहे."

"अवघड म्हणजे?"

डॉक्टरांनी खोलीभर नजर फिरवली. "नाही येणार."

मागून गावच्या लोहाराचा आवाज आला, "मासा काय दाणे फोडतो का, बाई? गिळतो तो!"

"ओढून गिळायलासुद्धा तोंड मिटावं लागतं. उद्या चहा पिताना ओठ फाकवून पी, शर्टाला विचार काय झालं ते."

लोक हसले. लोहारही हसला, पण हट्ट सोडेना. "आणि खाल्ला कशाला मग? दयाच होती तर पुरायचा!"

"मारलेलं मी फेकत नाही. नुसती हाडं होती, तरी खाल्ला. आता ऐका. नियम चांगला आहे, राहू दे. त्यात दोन ओळी घाला. सोडण्याआधी तोंड बघायचं, जगणार नसेल तर तिथल्या तिथं मारायचं. आणि हे तीन टोकांचे गळ बंद. एका टोकानं काम होतं, बाकीची दोन जबडा फोडायला."

यावर मात्र हसू आटलं. निम्म्या खोलीच्या डब्यात तीन टोकांचेच गळ होते. "म्हणजे आम्ही कसाई?" "हिनं नियम मोडायचा आणि शिकवायचं आम्हाला?" असा एकच गलका झाला. भावानं टेबलावर हात आपटला आणि कोरा कागद बहिणीपुढे सरकवला.

बाईंनी लिहिलं. सही केली. कागद वाचून दाखवायची रीत होती, म्हणून भाऊ उभा राहिला.

"मासा मी मारला. मोडक्या तोंडाचा पुन्हा लागला तर पुन्हा मारीन."

वाचून त्यानं कागद उलटा ठेवला. पण हात वर करायची वेळ आली तेव्हा पहिला हात त्याचाच. एकोणीस हात कार्ड काढून घ्या म्हणणारे, चार नको म्हणणारे. डॉक्टरांचे हात मांडीवरच राहिले.

बाईंनी कार्ड टेबलावर ठेवलं. मग भिंतीपाशी जाऊन सातवा फोटो खिळ्यावरून काढला आणि काखेत मारला. "यावर मत घ्यायचं असेल तर घ्या," म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

रविवारी भाऊ डोहावर पोचला तर काठावर स्टूल टाकून बाई हजर. काठी नाही, गळ नाही.

"ताई, कार्डाशिवाय इथं..."

"कार्डाशिवाय गळ टाकता येत नाही. बसता येतं. तूच लिहिलायस नियम, वाच."

"नुसतं बसून काय करणार?"

"तुला मासा लागला की तोंड बघणार."

"नाही दाखवलं तर?"

"पुढच्या वेळी आणखी जवळ बसेन."

भावानं एकदा पाण्याकडे बघितलं, एकदा बहिणीकडे. मग धुसफुसत डबा उचलला, काठी खांद्यावर टाकली आणि पन्नास पावलं खाली जाऊन नव्यानं बस्तान मांडलं.

बाई उठल्या. स्टूल उचललं आणि चालू लागल्या त्याच्या दिशेनं.