पावतीवरची मिशी

"मॅडम, काट्याचा प्रोग्राम 'सी'मधी नाई," विलास म्हणाला आणि फरशीकडे बघायला लागला.

"मग कशात आहे?"

"तेंदूमधी."

मी खुर्चीत बसले. बाहेर गेटपासून पार हायवेपर्यंत सिमेंट भरलेले ट्रक उभे होते आणि ड्रायव्हर लोक उतरून झाडाखाली पत्ते खेळायला लागले होते. सकाळी जीएम साहेबांना मीच सांगून आले होते की काम किरकोळ आहे, जेवायच्या आत होईल. आणि हा मला आता सांगत होता की काटा तेंदूवर चालतो.

गडचांदूरच्या बाजूला एका सिमेंट फॅक्टरीत मी ईडीपीची इन्चार्ज होते. ईडीपी म्हणजे काँप्युटर डिपार्टमेंट, त्या काळी सगळे तसंच म्हणायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्याकडे एक एसी खोली, काही मशीन्स आणि दोन प्रोग्रामर. त्यातला एक विलास, सिंदेवाहीकडचा. दुसरा सुबोध, मुलचेऱ्याजवळच्या बंगाली गावातला. दोघं हुशार, दोघं कामसू, आणि दोघांनी मिळून माझं डोकं पिकवून ठेवलेलं.

काम सोपं होतं, ते आधी सांगते. भरलेला ट्रक काट्यावर चढतो, मीटर वजन दाखवतं, ते वजन वायरने काँप्युटरला जातं आणि पावती छापून येते. हाताने वजन टाकायची सोयच नव्हती. आदल्या वर्षी हातच्या पावत्यांमध्ये कुणीतरी गडबड केली होती, तेव्हापासून काँप्युटरच्या पावतीशिवाय गेट उघडायचं नाही असा जीएम साहेबांचा हुकूम होता. आदल्या दिवशी दुपारी जुनं मीटर जळालं. नागपूरचा माणूस रात्री येऊन नवं बसवून गेला. नवं मीटर आकडा वेगळ्या पद्धतीने पाठवत होतं, म्हणून प्रोग्राममध्ये दोन-चार ओळी बदलायच्या होत्या. बस, एवढंच.

पण त्यासाठी कंपायलर लागतो. आपण लिहिलेला प्रोग्राम माणसाला वाचता येतो, मशीनला येत नाही. मध्ये एक दुभाषी लागतो, तो आपलं लिहिलेलं मशीनच्या बोलीत उतरवून देतो. त्याला कंपायलर म्हणतात. तो बाजारात मिळतो, आमच्याकडे 'सी' भाषेचा होता. पण या दोघांना छंद होता स्वतःचा कंपायलर बनवायचा, आणि त्यासाठी आधी स्वतःची भाषा बनवायचा. लोक सुट्टीच्या दिवशी सिनेमाला जातात. हे दोघं बसून भाषा बनवायचे.

विलासच्या भाषेचं नाव तेंदू. तिच्यात सगळे शब्द आपले, रोमन अक्षरांत लिहिलेले. 'असन तर', 'नसन तर', आणि एखादी गोष्ट सांगून संपली की 'झालं'. सुबोध 'सी'चा भक्त. 'सी'मध्ये सुरुवात आणि शेवट महिरपी कंसाने करतात, शब्द नाही. यावरून यांची भांडणं व्हायची. अधूनमधून नाही, रोज. मी पगाराचे हिशेब काढत बसलेली आणि माझ्या डोक्यावरून हे चाललेलं.

"तुह्या प्रोग्रामच्या शेवटी पाह्य ना, झालं झालं झालं झालं. जेवण झालं, आंघोळ झाली, कोणाले सांगून राह्यला तू?"

"मले वाचता तं येते. तुह्या प्रोग्राममधी कंसच कंस. कोणता कोणाचा, थे तुले तरी समजते का?"

"समजते."

"मंग काल एक कंस हुडकत अर्धा दिवस काऊन बसला होता?"

बाप्पा, हे मी वर्षभर ऐकलं. घरी नवऱ्याने 'जेवण झालं?' विचारलं तरी माझ्या अंगावर काटा यायचा.

आता या लोकांमध्ये एक रिवाज आहे, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नवी भाषा बनवली की तिचा पहिला कंपायलर दुसऱ्याच भाषेत लिहावा लागतो, कारण नव्या भाषेला समजणारं अजून कोणी नसतं. विलासने तो 'सी'मध्ये लिहिला होता. पण मग कंपायलर त्याच नव्या भाषेत पुन्हा लिहायचा आणि जुन्याकडून तयार करून घ्यायचा. त्यानंतर भाषा स्वतःच स्वतःला उतरवते. त्या दिवशी भाषा वयात आली असं हे लोक मानतात. विलासने त्या दिवशी आलूबोंडे आणि तर्री आणली, सगळ्यांना वाटली, आणि सुबोधच्या समोर तो 'सी'मधला पहिला कंपायलर मशीनवरून पुसून टाकला. फ्लॉपीवरूनही. म्हणाला, आता उसनं काही नको. मी बोंडा खाल्ला आणि पगाराला लागले. मला वाटलं पोरांचा खेळ चाललाय.

फॅक्टरीचा काटा त्या खेळावर चालतो हे मला कुठून कळणार? काट्याचा प्रोग्राम मी विलासला दिला होता. त्याने अख्खा उन्हाळा खपून लिहिला, मला चालवून दाखवला, पावती छापून आली, मी सही केली. चालणाऱ्या प्रोग्रामच्या पोटात कोणती भाषा आहे ते बाहेरून दिसत नाही.

"ठीक आहे," मी म्हटलं. "तेंदू तर तेंदू. ओळी बदल, तुझा कंपायलर चालव, पावती काढ."

"थोच तं चालून नाई राह्यला, मॅडम."

मग सगळं बाहेर आलं. सुबोध 'झालं झालं' वरून चिडवतो म्हणून विलासने मागच्या आठवड्यात भाषेत सुधारणा केली होती. आता एकदाच 'सारं झालं' लिहायचं, की सगळं एकदम बंद. जुन्या कंपायलरकडून त्याने नवा कंपायलर करून घेतला आणि नवा जुन्याच्या जागी ठेवला. मशीनवरही आणि फ्लॉपीवरही. तपासला नाही. या नव्यात चूक होती. साधं 'झालं' दिसलं तरी त्याला वाटायचं की सारंच झालं, आणि तो तिथेच थांबायचा. काट्याचा प्रोग्राम त्याने उतरवला तेव्हा पडद्यावर फॅक्टरीचं नाव आलं आणि पुढे काही नाही.

"मग चूक दुरुस्त कर."

"चूक सापडली. पण दुरुस्त केलेला कंपायलर तेंदूतच लिहेल हाये. त्याले उतरवाले तेंदूचा कंपायलर लागते. अन् जो हाये, थो बिघडेल हाये."

मग मला समजलं. दही लावायला विरजण लागतं, आणि विरजण म्हणजे कालचंच दही. याने पहिलं विरजण शेजाऱ्याकडून आणलं होतं. पुढे घरचं दही व्हायला लागलं तसं शेजाऱ्याचं भांडं फोडून टाकलं. आता घरचं दही नासलं होतं आणि हा रिकामं पातेलं घेऊन माझ्यासमोर उभा होता.

फोन वाजला. जीएम साहेब.

"मॅडम, ट्रक क्यों खड़े हैं?"

मी सांगितलं. कंपायलर, विरजण वगैरे नाही, एवढंच की प्रोग्राममध्ये अडचण आहे.

"किसने लिखा था?"

मी नाव सांगायचं टाळलं. पण त्यांना माहीत होतं. सही माझी असली तरी पावतीचं कौतुक सगळीकडे विलासच्याच नावाने झालं होतं.

"उसका कन्फर्मेशन मेरे टेबल पे पड़ा है. शाम तक गाड़ियाँ नहीं निकलीं तो मैं साइन नहीं करूँगा. उसको बोल दीजिए, घर जाए."

मी फोन ठेवला. विलास प्रोबेशनवर होता. घरी धानाची शेती, म्हातारे आईबाप आणि शिकणारी बहीण. या नोकरीसाठी त्याच्या वडिलांनी गावात मारुतीला नवस केला होता, हे त्यानेच मला एकदा हसत सांगितलं होतं. आता तो हसत नव्हता.

मी सुबोधकडे वळले. "काट्याचा प्रोग्राम 'सी'मध्ये लिहून दे. आत्ता."

"होणार नाई, मॅडम. प्रोग्राम लई मोठा हाये. डीलर, गाड्या, पोत्यांचे प्रकार, त्यानं तिथी सगळं टाकलं हाये." तो थांबला. "पण भाषा लहान हाये."

"म्हणजे?"

"तेंदूले 'सी'मधी उतरवून देणारा दुभाषी माह्यापाशी हाये."

"तुझ्याकडे? कशाला?"

सुबोधने मान खाली घातली नाही, उलट जरा ताठ बसला. "त्याचे प्रोग्राम 'सी'मधी किती आखूड होतेत थे दाखवाले बनवला होता. दिवाळीच्या सुट्टीत."

म्हणजे बघा. या माणसाने अख्खी दिवाळी घालवून विलासच्या भाषेचा कानाकोपरा शिकून घेतला होता, कशासाठी, तर ती वाईट आहे हे सिद्ध करायला. जगात तेंदू येणारी माणसं दोनच, एक बनवणारा आणि एक तिच्यावर हसणारा. मला रडावं की हसावं कळेना. मी म्हटलं, "लाव मग. बघत काय बसलास?"

"लावतो. पण त्यानं एकदा म्हणाव."

"काय म्हणावं?"

"का कंस चांगले."

मी विलासकडे बघितलं. बाहेर ट्रकचे हॉर्न सुरू झाले होते.

"म्हण बाबा," मी म्हटलं. "तुझं काय जातं?"

विलासचे डोळे भरलेले होते, पण मान काही हलली नाही. "नोकरी गेली तं गेली, मॅडम. खोटं नाई म्हणणार."

तेव्हा माझा पारा चढला. आयुष्यात मी ऑफिसात एवढी कधी ओरडले नाही. अकाउंट्सवाले दारात येऊन उभे राहिले. मी दोघांना म्हटलं की तुम्हाला दोघांना एका पोत्यात घालून क्लिंकरच्या भट्टीत टाकायला पाहिजे. बाहेर तेलंगणापासून आलेली माणसं उपाशी उभी आहेत, एकाचे आईबाप गावात नवस फेडायची वाट बघताहेत, आणि तुम्ही कंसावरून अडून बसलात. विलासला बाहेर पाठवलं, चहा घेऊन ये म्हटलं. मग सुबोधजवळ खुर्ची ओढली.

"ऐक. उद्यापासून तो नसेल. त्याच्या जागी चंद्रपूरहून कोणीतरी येईल, सांगितलेलं काम करेल आणि संध्याकाळी घरी जाईल. त्याला कंस दिसले काय न् नाही दिसले काय, काही फरक पडणार नाही. तू एवढं सगळं डोक्यात घेऊन भांडशील कोणाशी? माझ्याशी?"

सुबोधने खण उघडला, फ्लॉपी काढली आणि मशीनमध्ये सारली.

विलास चहा घेऊन आला तेव्हा प्रोग्राम उतरत होता. सुबोधने त्याच्याकडे न बघता विचारलं, "इथी तू आकड्याच्या समोर शून्य काऊन टाकतो बे?" विलास कप ठेवून त्याच्या बाजूला जाऊन बसला. पुढचा सगळा वेळ दोघं एकमेकांना शिव्या देत होते आणि मी समाधानाने चहा पीत होते. ऊन उतरायच्या आत पहिली पावती निघाली. संध्याकाळी गाड्या सुटल्या आणि दुसऱ्या दिवशी कन्फर्मेशनवर सही झाली.

पण पावतीच्या अगदी खाली, मधोमध, एक महिरपी कंस छापून येत होता. सुबोधने तशी सोयच करून ठेवली होती, त्याच्या दुभाष्यातून गेलेला कुठलाही प्रोग्राम छपाईच्या शेवटी एक कंस सोडायचा. विलासने तो बघितला आणि लालबुंद झाला. मी म्हटलं, गाडी निघतेय ना, राहू दे.

पुढे काही महिने तो कंस तसाच राहिला. विलासने तेवढ्यात कंपायलर पुन्हा उभा केला, नाइलाजाने शेजाऱ्याच्याच, म्हणजे 'सी'च्या, विरजणावर. तो तपासला, तीन ठिकाणी जपून ठेवला आणि एका सकाळी काट्यावर शुद्ध तेंदूतला प्रोग्राम चढवला. पावतीवरचा कंस गेला. विलास दिवसभर गुणगुणत होता.

जेवणाच्या सुट्टीत गेटवरून बोलावणं आलं. ट्रकांची रांग पुन्हा हायवेपर्यंत. शामरावभाऊ, आमचे गेटवरचे जुने गार्ड, पावत्यांचा गठ्ठा हातात धरून उभे होते.

"काय झालं, भाऊ?"

"ह्या पावत्या नकली हायेत, मॅडम."

"नकली कशा? आत्ताच काट्यावरून आल्या."

"मिशी कुठी हाये?" त्यांनी पावतीच्या खालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं, जिथे कालपर्यंत तो वळणदार कंस असायचा. "आपल्या पावतीले खाली मिशी रायते. बिना मिशीची गाडी सोडाची नाई म्हणून मी तिन्ही पाळीच्या पोरायले सांगून ठेवलं हाये. आदिलाबादचे डीलरबी मिशी पाहूनच माल उतरवतेत."

मी समजावून बघितलं. शामरावभाऊ ऐकेनात, आणि त्यांचं चूकही नव्हतं. हुकूम त्यांना मिळाला होता, खूण त्यांनी स्वतः शोधली होती. जीएम साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "निशान अच्छा था. वापस लगाइए."

मग विलास खुर्चीवर बसला आणि तेंदू भाषेत, स्वतःच्या हाताने, महिरपी कंस छापायची ओळ लिहिली. शेवटी 'झालं' लिहिलं. त्या दिवशी आलूबोंडे सुबोधने आणले.

मी रिटायर झाले तेव्हाही पावतीवर मिशी होती. या सगळ्यातून मी एवढंच शिकले की उसनं विरजण फेकायचं नाही आणि प्रोग्रामवर सही करण्याआधी त्याच्या पोटात बघायचं. कोणाची भाषा चांगली, ते अजूनही मला विचारू नका. गेटवर काय चालतं, ते शामरावभाऊ ठरवायचे.