मोरीतला खोकला

आमच्या गावाजवळच्या सिंदेवाहीच्या स्टेशनावर बल्लारशाकडे जाणारी पॅसेंजर जेमतेम दोन मिनिटं थांबते. तेवढ्या वेळात आम्हाला दोन पत्र्याच्या पेट्या, एक गादी, एक शेगडी आणि माझं रडणं असं सगळं आवरायचं होतं. प्रशांतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पेट्या चढवल्या. गादी सुनंदाने खांद्यावर घेऊन दारातून आत ढकलली. रडायचं मात्र राहूनच गेलं. गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून चक्क हसत होते. नवऱ्याला चंद्रपूरला नोकरी लागलेली, मी स्वतः लॅबचा कोर्स केलेली, आणि आमच्या गल्लीतून शहरात बिऱ्हाड थाटणारी पहिलीच बाई. मिजास होतीच, कशाला नाकारू?

आई खिडकीला हात लावून गाडीबरोबर चार पावलं चालली आणि ओरडून म्हणाली, "भाडं मंग इचारजो, पहिले पानी पाहून घेजो!" आम्ही तलावांच्या मुलखातली माणसं. जागा कशी आहे हे आमच्याकडे पाण्यावरून ठरतं. हवा पाहून घे, असं काही तिला सुचलं नाही. हवा ही पाहायची गोष्ट असते हे आमच्या सात पिढ्यांत कुणाला ठाऊक नव्हतं.

सुनंदा माझी पहिलीपासूनची मैत्रीण. ती मासे धरणाऱ्या ढिवरांची, आम्ही बौद्ध. तिचं घर तलावाच्या पाळीला, आमचं विहाराच्या मागे. गणितात ती माझ्यापेक्षा दसपट हुशार, पण बारावी व्हायच्या आतच तिचं लग्न गावातल्याच देवरावशी लागलं. देवाभाऊ तलावात जाळं टाकतो आणि दीड एकरात धान लावतो. माणूस सरळ. दरवर्षी दिवाळीनंतर गावात मंडई भरते, घरोघरी पाहुणे येतात, नाटक होतं. आई गेल्यापासून मी, प्रशांत आणि आमचा सम्यक मंडईला सुनंदाकडेच उतरतो. ती कोंबडा कापते, आम्हाला खाटा देते आणि स्वतः खाली झोपते. मग निघताना मी म्हणायची, "आता तुम्ही या की आमच्या चंद्रपूरला." त्या 'आमच्या'वर मी जरा जास्तच जोर द्यायची.

गावाकडच्यांनो, तुम्हाला मी चंद्रपूरबद्दल पुष्कळ सांगितलं आहे. चोवीस तास नळ, दारात रिक्षा, मोठा दवाखाना. एक सांगितलं नाही. सकाळी पुसलेल्या खिडकीवरून दुपारी बोट फिरवलं तर बोट काळं होतं. प्रशांत कोळशाच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर कामाला आहे. तो घरी येतो तेव्हा आंघोळीचं पहिलं पाणी शाईसारखं वाहतं. ते तर कामाचंच म्हणायचं. पण आमचं घर काट्यापासून चांगलं लांब आहे, तरी दोरीवरचे कपडे झटकूनच आत घ्यावे लागतात. सम्यक चार वर्षांचा झाला आणि त्याची छाती घरघरायला लागली. डॉक्टर म्हणाले, जमलं तर हवा बदला. जसं काही हवा बाजारात किलोने मिळते! आम्ही वाफ द्यायचं मशीन घेतलं आणि गप्प बसलो. गावात कळवलं नाही, कारण कळवायचं म्हणजे ती खिडकीतली हसणारी बाई खोटी ठरली असती.

गेल्या वर्षी होळीच्या आधी सुनंदा, देवाभाऊ आणि त्यांची तेरा वर्षांची पायल खरंच आले. चार दिवसांसाठी. येताना ओल्या फडक्यात गुंडाळून तलावातले मासे आणि पिशवीभर तांदूळ.

मी काय काय केलं ते आता लिहून टाकते. मशीन माळ्यावर टाकलं. पहाटे पाच वाजता उठून ओल्या फडक्याने फरशी आणि खिडक्या पुसल्या, पाहुणे उठायच्या आत. कपडे आत पंख्याखाली वाळवले. आणि सम्यकला, सहा वर्षांच्या पोराला, मी सांगितलं की खोकला आला तर बाथरूममध्ये जायचं, नळ सोडायचा आणि मग खोकायचं. पोरगं गुणी. त्याने विचारलंही नाही का म्हणून. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे, पण तेव्हा वाटली नव्हती. तेव्हा मी खुशीत होते. प्रशांत एवढंच म्हणाला, "किती दिवस झाकशील?" मी म्हणाले, चार.

मग आम्ही त्यांना शहर दाखवलं. परकोट दाखवला, अंचलेश्वराचं देऊळ दाखवलं, गोंडराजांच्या समाध्या दाखवल्या. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर गेलो तेव्हा सुनंदाने माझ्याबरोबर मेणबत्ती लावली आणि माझ्या आईची आठवण काढली. उघड्यावर पसरलेल्या त्या अवाढव्य दगडी मूर्ती पाहून पायल खिदळत एकीच्या हाताशेजारी उभी राहिली, फोटोसाठी. त्या हातापुढे ती बाहुलीएवढी दिसत होती. रामाळा तलावावर मात्र देवाभाऊचा विरस झाला. पाण्यावर वेली माजलेल्या होत्या. त्याने काठावर बसून ओंजळ भरली, वास घेतला आणि पाणी सोडून दिलं. "इथी कोनी जाळं टाकत असन त त्याले माया नमस्कार," म्हणाला. आम्ही सगळे हसलो.

सुनंदा हे सगळं पाहत होती आणि पाहतही नव्हती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिला जटपुरा गेटच्या कमानीचं दगडकाम दाखवत होते, गाईडसारखी हातवारे करून. तिची नजर कमानीकडे नव्हतीच. क्लास सुटले होते. पोरी सायकलवर, स्कूटीवर, पायी, पाठीला दप्तरं अडकवून कमानीतून जात होत्या. अंधारत आलं होतं. सुनंदा ओठ हलवत त्यांना मोजत होती.

"शिल्पे, ह्या एकट्याच जातेत?"

"मग काय, बँडबाजा लावून जायच्या?" मी चेष्टेने म्हणाले.

ती हसली नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची सिंदेवाहीला, आणि रस्ता जंगलातून. आदल्या पावसाळ्यापासून त्या रस्त्याला वाघ होता. शेजारच्या गावची सरपणाला गेलेली बाई परत आली नव्हती. आठवीच्या पोरींना गावातले बाप पाळीपाळीने काठ्या घेऊन, डबे वाजवत शाळेत पोचवत होते. देवाभाऊचीही पाळी असायची, स्वतःची पोर अजून सातवीत असताना. आणि ज्या दिवशी कुणालाच जमत नसे त्या दिवशी पोरी घरी. हे सगळं मला फोनवरून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि मैत्रीण परक्या पोरी मोजताना पाहणं वेगळं.

चौथ्या दिवशी जेवताना तिने विचारलं. रस्सा तिनेच केला होता. ताटाकडे पाहतच बोलली, "पायलले जूनपासून तुयाकडं ठेवतेस का? धान देऊ, मासे देऊ. कामाले लावजो तिले, आयती बसवू नको."

खरं सांगायला तोच क्षण होता. माळ्यावरचं मशीन काढून तिच्यासमोर ठेवायचं, बस. प्रशांत माझ्याकडे बघत होता. आणि मी लगेच, घास गिळायच्या आत, हो म्हणाले. का म्हणाले? पोरीच्या शिक्षणासाठी, असं पुढे सगळ्यांना सांगितलं. पण खरं कारण निराळं होतं. या शहरात मला शिल्पे म्हणून हाक मारणारं कुणी नाही. लॅबमध्ये मी मॅडम, सोसायटीत मी सम्यकची मम्मी. गावचं एक माणूस माझ्या घरात हवं होतं, मले-तुले बोलणारं. त्या हावेपायी मी दुसरीची पोर या हवेत आणली. रोज लोकांचं रक्त काढणाऱ्या, छातीचे रिपोर्ट हाताळणाऱ्या बाईने हे केलं.

जूनमध्ये पायल आली. घर भरलं. ती सम्यकला पाढे शिकवायची आणि माझ्या बोलण्याला हसायची, "मावशी, तू पुन्यावाल्यासारखी काऊन बोलतेस?" गणित आईवर गेलेलं. क्लासला एकटी सायकलवर जायची, येताना गाणं म्हणत जिना चढायची. गणपतीपर्यंत सगळं छान होतं. मग गाणं जिन्यात मध्येच तुटायला लागलं. तो खोकला मी पहिल्या दिवशी ओळखला. मीच ओळखणार.

डॉक्टरांनी सम्यकच्या वेळचंच सांगितलं, हवा बदला. मी सुनंदाला सांगितलं नाही. रोज फोन हातात घ्यायची आणि "अभ्यास करून राह्यली" एवढंच सांगायची. त्यातच गावाहून बातमी आली. देवाभाऊची चुलती, सीताबाई, कालव्याच्या कडेला गवत कापत होती. वाघाने नेली. आता पोरीला परत पाठवायचं तरी कुठे? दोन महिने मी धड झोपले नाही आणि धड बोललेही नाही. प्रशांतने एकदा सरळ विचारलं, "तू सांगतेस की मी सांगू?"

मंडईला आम्ही सगळे गेलो. घरात सीताबाईचं दुःख होतं, म्हणून नाटकाला कुणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सुनंदा तलावाच्या पाळीवर जाळं शिवत बसली होती. मी शेजारी जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. धूळ, मशीन, सम्यकला दिलेली शिकवण, पायलचा खोकला. एका दमात. मी रडले. ती जाळ्याच्या गाठी मारत राहिली.

"मले मालूम होतं," ती म्हणाली.

मला कळेना.

"पहिल्याच दिवशी. तू फडकं पिळत होतीस, मी जागीच होती. काळं पानी निंगत होतं. आन् पोरगं मोरीत जाऊन नळ सोडून खोकलते, मले काय समजत नाई का? माय हाय ना मीबी."

"मग काऊन ठेवली तिले?" माझ्या तोंडून नकळत गावची बोली निघाली.

तिने जाळं मांडीवर ठेवलं. "वाघ काई टाइम देत नाई, शिल्पे. तुयी धूळ देते. तेवढ्यात पोरगी बारावी होऊन जाईन."

तलावात देवाभाऊ गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याच्याकडे पाहत ती पुढे म्हणाली, "पन तू सांगाले पायजे होतं. मी जेवताना इचारलं, तवा वाट पाहून राह्यली होती. तू सांगशीन, मंग मी म्हनीन का ठेव तरीबी. तू नुसती हो म्हनली. मले लय राग आला होता तुया. अजूनबी हाय."

मला वाटलं होतं की ती माफ तरी करेल किंवा शिव्या तरी घालेल. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. संध्याकाळी जेवायला वाढलं, पण माझ्याशी बोलली नाही. तिने पायललाच समोर बसवून विचारलं, तुले कुठी राहाचं हाय? पोरगी म्हणाली, "मी जाईन परत. खोकला काई एवढा नाई." देवाभाऊ उठून बाहेर गेला.

तर पायल माझ्याकडेच आहे. मशीन आता माळ्यावर नसतं, बैठकीत सगळ्यांसमोर असतं आणि दोन्ही पोरं आळीपाळीने वाफ घेतात. कोण पाहुणा आला तरी मी झाकत नाही. प्रशांत नागपूरकडे काम शोधतो आहे. मिळेल की नाही माहीत नाही, आणि तिथली हवा कशी आहे तेही माहीत नाही.

गाव सोडलेल्यांनो, तुमच्याकडेही पाहुणे येत असतील. त्यांना किल्ले दाखवा, देवळं दाखवा, पण जे दाखवायचं नाही म्हणून पहाटे उठता, तेही दाखवा. मी शहाणी म्हणून सांगत नाही. एका बाईचा माझ्यावर अजूनही राग आहे म्हणून सांगते.

पूर्वी घर कुठलं असं कुणी विचारलं की मी गावाचं नाव सांगायची आणि लगेच पुढे जोडायची, पण आता चंद्रपूर. आता मला दोन्ही नावं घेववत नाहीत. मंडईहून आल्यापासून रोज संध्याकाळी सात वाजता सुनंदाचा फोन येतो. देवाभाऊ जाळं घेऊन तलावावरून परतला की ती सांगते, "आले हे." मी सांगते, "पायलचं बरं हाये." एवढंच. राग आहे, म्हणून जास्त बोलत नाही. पण त्या फोनशिवाय ती चूल पेटवत नाही आणि मी ताटं मांडत नाही. मला विचाराल तर माझं घर आता तेवढंच आहे.

परवा सव्वासात झाले, फोन नाही. साडेसात झाले. मी लावला तर बंद. पायल वहीत मान घालून बसली होती, पण तिची पेन्सिल हलत नव्हती. पावणेआठला फोन वाजला.

"चार्जिंग नव्हती व," सुनंदा म्हणाली. मग म्हणाली, "आले हे."

"इकडंबी बरं हाये," मी म्हणाले.

सांगायचं ते सांगून झालं होतं. तरी कितीतरी वेळ दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.