टॉवेल काढू नकोस

विमानं दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना उड्डाणशाळेत सगळे कानसेन म्हणत. इंजिन सुरू झालं की ते डोळे मिटून उभे राहायचे आणि नेमकं काय कुरकुरतंय ते सांगायचे. घरी मात्र चार हाका मारल्या तरी ऐकू जात नाही, ही बायकोची जुनी तक्रार.

त्या गार, ओलसर सकाळी त्यांचा पाय एका जागी ठरत नव्हता. मुलगी दोन आसनांच्या छोट्या विमानातून एकटी वर गेली होती, तीही तिसऱ्यांदाच. इंजिन त्यांनी स्वतः तपासलं होतं. तरी हातातला पाना ते पुसत होते, ठेवत होते, पुन्हा उचलून पुसत होते.

"अहो, झिजेल तो," शेजारी पंख रंगवणारा रंगारी म्हणाला.

तेवढ्यात वरचा आवाज अडखळला. रंगाऱ्याला काही कळलंही नाही, पण पाना खाली पडला आणि कानसेन रेडिओच्या खोलीकडे पळत सुटले.

आत शिकवणारे मास्तर माईक धरून बसले होते. "कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरलाय. गरम हवेची दांडी ओढ म्हटलं, तर ओढली आणि लगेच परत आत ढकलली तुमच्या लेकीनं!"

"ओढली की जास्तच खोकतंय, मास्तर!" रेडिओतून मुलीचा चिरका आवाज आला. "बंद पडेल ते!"

नवशिके चुकतात ते इथेच. गरम हवेनं बर्फ वितळला की त्याचं पाणी इंजिनात जातं आणि थोडा वेळ ते आधीपेक्षा वाईट खोकतं. तेवढा वेळ धीर धरायचा असतो. मास्तरांनी हे दोनदा सांगितलं, पण तिच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. उंची मात्र कमी होत चालली होती.

कानसेनांनी माईक हिसकावला. धड वाक्य सुचेना.

"टॉवेल काढू नकोस!" ते ओरडले.

लहानपणी सर्दी झाली की आई तिला वाफारा द्यायची. पोर खोकून बेजार व्हायची आणि डोक्यावरचा टॉवेल भिरकावून द्यायची. मग बाप तो धरून बसायचा. खोक, अजून खोक, मोकळं होतंय.

रेडिओत नुसती खरखर. मग हळूच, "ओढली, बाबा."

खिडकीतून खोकला ऐकू येत होता. वाढला. फारच वाढला. मास्तरांनी डोळे झाकून घेतले, कानसेनांना कान झाकता येईनात. आणि मग एकदम इंजिन सुरात लागलं.

ती उतरली तीच बोलत. "टॉवेल काय, बाबा! सगळ्यांनी ऐकलं ना!" मग मास्तरांकडे वळून, "मास्तर, माझी फेरी अर्धीच राहिली. चहा घेऊन परत जाऊ?"

"इंजिन ठीक असेल तर जा," मास्तर म्हणाले आणि दोघंही कानसेनांकडे बघू लागले.

कानसेनांनी इंजिन उघडलं, पुसलं, तपासलं, पुन्हा तपासलं. सुरू करून डोळे मिटले. काहीतरी खोट सापडावी असं त्यांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

बराच वेळ ऐकून त्यांनी डोळे उघडले.

"चांगलं आहे," ते म्हणाले आणि पाना शोधायला निघाले.