मास्तरांचा डोळा लागला

भरदिवसा कोणी पेंगताना दिसलं की मास्तरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. विक्रोळीच्या आमच्या ऑफिसात जेवणानंतर एखाद्याची मान जरा कलली, की हे त्याच्या कानाशी जाऊन टाळ्या वाजवायचे. एकदा मोठ्या साहेबांच्याही कानाशी वाजवल्या. साहेब म्हणे डोळे मिटून विचार करत होते! आमची हसून हसून पुरेवाट.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. आमची विमा कंपनी. ज्यांच्या ट्रकांचा विमा आम्ही उतरवतो, त्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या यार्डात जायचं आणि ड्रायव्हरांना समजवायचं, की बाबांनो, झोप आली तर गाडी बाजूला घ्या. हे काम मास्तरांचं. पडदा लावायचा, सिनेमा दाखवायचा आणि गावोगाव त्यांच्याबरोबर फिरायचं, हे माझं. मास्तर राहायला कन्नमवार नगरात, मूळचे मालवणकडचे. एरवी अगदी शुद्ध बोलायचे, पण चिडले किंवा घाबरले की मालवणी बाहेर पडायची.

गाडी स्वतःच चालवायचे. "ज्यांना शिकवायचं त्यांचं काम आपल्याला नको यायला?" आणि शिस्त काय विचारता! ठरलेल्या वेळी गाडी थांबणार म्हणजे थांबणार. "उतर गो" म्हटलं की उतरायचं, तोंडावर पाणी मारायचं आणि गाडीभोवती फेऱ्या मारायच्या. येणारेजाणारे ट्रकवाले हॉर्न वाजवून मजा बघायचे. घाटकोपरची मुलगी मी, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "मास्तर, लोक हसतायत ना यार!" म्हणून मी कुरकुरायची. "हसांदेत," म्हणायचे आणि आणखी एक फेरी मारायचे.

त्यांची एक पद्धत मात्र मला कधीच पटली नाही. भाषण रंगात आलं की विचारायचे, "स्टिअरिंगवर कोणाचा डोळा लागलाय आजवर? खरं सांगा." एखादा भोळा उभा राहायचाच. मग मास्तर सगळ्यांसमोर त्याची अशी काढायचे, की बिचाऱ्याला कुठे बघू न् कुठे नको व्हायचं. "ह्याला नीट बघून ठेवा. हा उद्या कोणाचं तरी पोर चिरडणार आहे!" मी एकदा म्हटलं, फार होतं हे. तर म्हणाले, "अगं, चार लोकांत मान खाली गेली ना, की माणूस जन्मात विसरत नाही." त्या ड्रायव्हरांसाठी मास्तरांचा जीव तुटायचा, हेही तितकंच खरं.

दोनेक वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आम्ही कच्छला गेलो. भुज मागे पडलं की ना गाव ना माणूस. दोन्ही बाजूंना वेडी बाभूळ आणि मधून सरळसोट रस्ता, एक वळण नाही. जेवून शेवटच्या यार्डाकडे निघालो होतो. थांबायची वेळ झाली, पण सावली कुठे दिसेना. "पुढे झाड बघून थांबू," मास्तर म्हणाले. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. आणि एकदम गाडी खडखडायला लागली. बघते तर आम्ही रस्ता सोडलेला आणि मास्तरांची हनुवटी छातीवर. मी किंचाळले. त्यांनी ब्रेक मारला तोवर गाडी बाभळीत घुसली होती.

लागलं कोणालाच नाही. एक आरसा तुटला, एवढंच. मास्तर स्टिअरिंग घट्ट धरून बसून राहिले. "डोळो लागलो गो माझो," म्हणाले. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. मी म्हटलं, "जाऊ दे मास्तर, कोणाला कळतंय? गुरं आडवी आली सांगू." 

यार्डात त्यांनी मला पडदा लावूच दिला नाही. यार्डाचे मालक शेठ पुढे खुर्ची टाकून बसले होते, ड्रायव्हर मागे जमिनीवर. मास्तर उभे राहिले आणि हिंदीत म्हणाले, "आज मी तुम्हाला विचारणार नाही. आज येताना माझा डोळा लागला. ही मुलगी शेजारी होती. आज आम्ही दोघंही मेलो असतो."   मग मागून एक जण उठला. नांदेडकडचा, बालाजी नावाचा. म्हणाला, "साहेब, माझाबी लागला होता." मग आणखी एक उठला, मग आणखी. कोणी कोणाला हसलं नाही. मास्तर प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवत गेले. मला वाटलं, वा, पहिल्यांदा काहीतरी खरं घडलं!

चहा संपायच्या आत कळलं, की उभं राहिलेल्या सगळ्यांच्या चाव्या शेठने काढून घेतल्या. मास्तर धावत केबिनमध्ये गेले, हात जोडले. शेठ अगदी नम्रपणे म्हणाले, "मास्तरजी, तुम्हीच तर शिकवता, झोपणारा माणूस गाडीवर नको."

"अहो, मीपण झोपलो ना!"

"तुमची गोष्ट वेगळी आहे," शेठ हसून म्हणाले.

गेटवर बालाजी पिशवी घेऊन उभा होता. त्याला भुजपर्यंत जायचं होतं. मास्तरांनी गाडीची चावी त्याच्या हातात ठेवली. आजवर दुसऱ्या कोणाला त्यांनी ती दिली नव्हती. बालाजी झकास चालवत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "साहेब, तुम्ही झोपा जरा. मी हाय जागा." मास्तरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. झोपले नाहीत.

भुजच्या स्टँडवर उतरून बालाजी त्यांच्या पाया पडायला वाकला. मास्तर दचकून मागे सरले. "नको रे बाबा. लाज वाटते मला." तो तरी पडलाच, आणि गर्दीत गेला. कामावरून काढलेल्या त्या सगळ्यांसाठी मास्तरांनी किती फोन केले, सगळीकडून एकच उत्तर, तो झोपणारा ना? नको. पुढे मास्तरांनी राजीनामा दिला. कन्नमवार नगरात भेटले की माझ्या आईची चौकशी करतात, कामाचं चुकूनही विचारत नाहीत.

ते काम आता मी करते. बोलायला लागण्याआधी त्या यार्डाच्या शेठला हात जोडून बाहेर पाठवते, दार लावून घेते, त्या दिवशी शेजारी बसून मोबाइलमध्ये डोकं घातलं होतं ही माझीच चूक आधी सांगते. तरी कोणी ड्रायव्हर उभा राहत नाही. कच्छची गोष्ट त्यांच्यापर्यंत माझ्या आधी पोचलेली असते.